माझ्या दोन नळ्यांची अदलाबदल

मित्रांनो, मला उलगडून सरळ केले तर तुमच्या वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहज पोहोचेन. पण मी गोल गुंडाळलेलाच बरा दिसतो. मी एक जुना फ्रेंच हॉर्न आहे, तोंडाने फुंकून वाजवायचे वाद्य. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावी एका कारागिराने पितळ ठोकून मला घडवले. चाळीस वर्षे मी वाद्यवृंदात मानाने वाजलो. मग मालक थकले आणि मी नऊ वर्षे कपाटात जुन्या कोटांखाली पडून राहिलो. माझ्या कळा अडकल्या. फार वाईट वाटायचे हो!

तिथून मला बाहेर काढले रीके नावाच्या एका तरुण वादक मुलीने. तिने तेल घातले, नळ्या धुतल्या आणि मला घेऊन ती वाद्यवृंदात पहिल्या, म्हणजे मुख्य हॉर्नवादकाच्या खुर्चीवर बसली. नोकरी मात्र पक्की नव्हती. वर्षभर वाजवायचे, मग ठेवायचे की नाही यावर सहकाऱ्यांनी मत द्यायचे, असा तिथला रिवाज. शेजारी बसणारे म्हातारे हॉर्नवादक केस्टनर सारखे कुरकुरत, "पहिल्या खुर्चीवर ही शेंबडी पोर!"

मतदानाआधीचा शेवटचा कार्यक्रम होता. मी एकट्याने वाजायची जागा जवळ आली होती. श्वासाची वाफ माझ्या पोटात पाणी होऊन साठते. लोकांना ती थुंकी वाटते, काय करणार! रीकेने नळ्या काढून पाणी झटकले आणि घाईघाईत दोन नळ्या एकमेकींच्या जागी बसवल्या. आता मी बेसूर होणार हे मला कळत होते, पण कुणी फुंकल्याशिवाय मला बोलता कुठे येते?

केस्टनरांनी तिला गुडघ्याने ढोसले. म्हातारा छळतोय असे वाटून तिने पाय आवरून घेतला. त्यांनी पुन्हा ढोसले आणि पुटपुटले, "नळ्या बघ, नळ्या!"

रीकेने खाली पाहिले. तिने झटक्यात नळ्या बदलल्या, मला ओठांशी धरले आणि मी वाजलो. इतका गोड मी तरुणपणीही वाजलो नव्हतो.

पुढे बसलेल्या वादकांच्या रांगांतून जमिनीवर बूट घासल्याचा आवाज आला.

कार्यक्रम संपल्यावर रीके म्हणाली, "केस्टनर, उपकार झाले तुमचे. पण मत पडायचं अजून राहिलंय."

"मग ते बूट काय मुंग्या मारत होते?" केस्टनर म्हणाले. "हात वाद्यात अडकलेले असतात, तेव्हा आम्ही पायांनी शाबासकी देतो. माझे पाय तर अजून दुखतायत."

मित्रांनो, आपल्या वाद्याला वेळेवर तेल घाला, त्याला कपाटात कोंबू नका. आणि शेजाऱ्याच्या नळ्यांवरही जरा लक्ष ठेवा, मग तो तुम्हाला आवडत नसला तरी.