गळ्यातली सवत

अश्विनी लग्न होऊन सोनईला आली ती एकटी आली नाही. मांडवातच सासूनं तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला होता. नखाएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. ती आरती, रविराजची पहिली बायको. आरती काविळीनं गेली तेव्हा तिचा ओम भिंत धरून चालत होता, आणि पोटात दुसरं होतं.

पहिली मेली की दुसरीनं तिला अशी गळ्यात वागवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. नवं लुगडं आलं तर आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. पुरणपोळी झाली तर पहिला तुकडा टाकाच्या तोंडाला. मान दिला की मेलेली गप राहते, घराला लागत नाही. अश्विनी कोपरगावची, बारावी झालेली. तिला आधी हसू आलं होतं. पण हसणं वेगळं आणि गळ्यात बांधून झोपणं वेगळं. उन्हाळ्यातसुद्धा तो पत्रा गार लागायचा.

ओम मात्र आठवडाभरात तिच्या कडेवर बसला आणि महिन्याभरात तिला आई म्हणायला लागला. झोपताना तो टाक मुठीत धरायचा आणि धरल्याशिवाय झोपायचा नाही. अश्विनी पोर निजेपर्यंत मान वाकडी करून पडून राहायची. कधी कधी तिच्या मनात यायचं, हा मला धरून झोपतो की तिला?

तिला दिवस राहिले तसं ओमचं सगळं उलटं सुरू झालं. सांगून शी-शू करणारं पोर पुन्हा उंबऱ्यावर उभं राहून धार सोडायला लागलं. स्वतःच्या हातानं खाणारं पोर आ करून बसायला लागलं. तरी बाळावर त्याचा राग नव्हता. बाळाला भूक लागली असेल म्हणून तो अश्विनीच्या बेंबीवर बिस्किट दाबायचा आणि म्हणायचा, "बाळा, खा की रं!"

सातवा महिना लागला. सासूनं ट्रंकेतली जुनी सुती लुगडी काढली. नव्या बाळाला कोरं कापड टोचतं, म्हणून नेसून मऊ झालेल्या लुगड्यांचीच दुपटी आणि लंगोट करायचे. भर दुपारी दोघी ओसरीवर बसून फाडत होत्या. ओम एक लंगोट डोक्याला गुंडाळून, मी पाव्हना, मला च्या द्या, म्हणत फिरत होता. अश्विनीनं मशीनवर पहिलं झबलं शिवून दोरा तोडला.

"आदी टाकाला लाव," सासू म्हणाली.

सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या, ह्येबी लावायचं?"

"नवं शिवलंस न्हवं? मंग. तिचा मान तिला."

अश्विनीनं झबलं हातातच धरून ठेवलं. लुगडी लावताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण आरती भरल्या पोटानं गेली होती. तिच्या पोटातल्यालाही झबलं लागलं असतं, ते कुणी शिवलं नाही. आता हे तिच्यापुढं धरायचं म्हणजे उपाशी माणसाला ताट दाखवून मागं ओढण्यासारखं होतं.

"आत्या, तिनं ठिवूनच घितलं तर?"

सासूच्या हातातलं लुगडं अर्ध्यावर फाटून थांबलं. "येडी का खुळी? तिन्हीसांजंचं असलं बोलू न्हाई."

बाहेर ऊन रखरखत होतं. तिन्हीसांज व्हायला अजून पुष्कळ वेळ होता.

अश्विनीनं पाठ फिरवून झबलं टाकाला लावल्यासारखं केलं, लावलं नाही. घडी करून आपल्या उशीच्या खोळीत दडवलं. आरतीचा मान तिनं पहिल्यांदाच चुकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जरा आडवी झाली होती. ओम नेहमीसारखा बिस्किट घेऊन आला आणि एक तुकडा त्यानं बेंबीवर ठेवला. मग दुसरा मोडून टाकाला लावला.

"आन् ह्ये त्या बाळाला."

"कोंच्या रं?"

"ह्या आईच्या बाळाला. हिच्या पोटात बी बाळ हाय."

अश्विनी उठून बसली. "कुनी सांगितलं तुला?"

"आईनं."

"मी कवा सांगितलं?"

"तू न्हाई," ओम म्हणाला आणि टाकावर बोट ठेवलं. "हिनं."

आरतीच्या पोटात दुसरं होतं, ही गोष्ट घरात कुणी तोंडातून काढत नसे. अश्विनीलाही ती लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी कळली होती. रविराज दुधाचा टेम्पो लावून आला तसं तिनं त्याला विचारलं.

"माझ्या तोंडून न्हाई गेलं कदी," तो म्हणाला. "पोरगं हाय ते, कायबी बडबडतं. काल म्हनत हुतं, टेम्पोला शेपूट हाय." असं म्हणून तो हसला, पण चहा अर्धा तसाच ठेवून उठून गेला.

त्या आठवड्यात दवाखान्यात तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र धरलं आणि बाळाचे ठोके ऐकवले. अश्विनीनं कान दिला. घोडं धावावं तसे ठोके पडत होते, आणि त्याच्या मागून, लांबून, आणखी एक बारीक ठोका येत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान आहे. दुसरा ठोका कुणाचा, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. कदाचित तिच्या स्वतःच्याच काळजाचा असेल.

अशात मिरजगावहून छबूबाई आली.

छबूबाई ही आरतीची आई. रीतीनं अश्विनी आता तिची लेक लागत होती, आणि बाई रीत पाळत होती. दर दिवाळीला लुगडं आणायची, आता डिंकाचे लाडू घेऊन आली होती. पण एक गोष्ट अश्विनीच्या पहिल्यापासून ध्यानात आली होती. छबूबाई बोलायची तिच्याशी आणि बघायची तिच्या गळ्याकडं. तोंडाकडं कधी बघायची नाही.

जेवणं झाल्यावर छबूबाईनं विषय काढला. "ओमला न्यायला आलीया मी. हिचं बाळंतपन व्हईस्तवर ऱ्हाऊ दे माझ्यापशी. दोन दोन कुटं संबाळंल ही?"

"संबाळंन की," अश्विनी म्हणाली.

"तोंडानं समदं व्हतं, बाई."

सासूनं मान हलवली. रविराजनंही हलवली. अश्विनीचं पहिलं बाळंतपण, ते माहेरी कोपरगावला व्हायचं होतं, आणि तिच्या आईनं फोनवर आधीच सांगून टाकलं होतं, एकटीच ये, बाळंतिणीच्या खोलीत सवतीचं पोर नको. त्यामुळं ओमचं काय करायचं हा प्रश्न होताच, आणि सगळ्यांच्या मते तो आता सुटला होता.

"आज्जीकडं शेळ्या हायती, ओम्या," रविराज म्हणाला. "बारकी करडं हायती. जायाचं का?"

ओमनं विचार केला. "मला करडू पायजे, आन् आई बी पायजे."

"घ्या! बापावर गेलंय. येकावर भागत न्हाई ह्यांचं," सासू म्हणाली आणि बोलल्यावर तिचं तिलाच कळलं. रविराज खाली बघत बसला.

छबूबाईनंच ते सावरलं. "लई चांगली अंगनवाडी हाय आमच्याकडं. बाईला सांगून ठिवलंय मी, नातू येनार म्हनून."

अश्विनीनं तिच्याकडं वळून बघितलं. दोन-चार महिन्यांसाठी येणाऱ्या पाहुण्याचं नाव अंगणवाडीत कुणी सांगून ठेवतं का? ह्या वयाचं पोर एकदा गेलं की परत येतं ते पाहुण्यासारखं. दारात उभं राहून, आत येऊ का, असं बघतं. आणि हे तर परत यायचंच नाही, हे ओसरीवरच्या सगळ्यांना कळत होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं. नवं आलं की जुन्यानं जागा मोकळी करायची, असं सरळ चाललं होतं.

ती ओमचे कपडे भरायला म्हणून उठली आणि परसात गोठ्याकडं गेली. थोड्या वेळानं छबूबाई मागोमाग आली.

अश्विनीला राहवलं नाही. "मावशी, येक इचारू? ओमच्या कानात तुमी घातलं न्हवं? त्याच्या आईच्या पोटात बाळ हाय म्हनून?"

"मी?"

"तुमच्याबिगर कोन सांगंल? दिवाळीला तुमीच त्याला घिऊन बसला हुता. तो म्हनतो, टाकातली आई सांगती."

अश्विनीला वाटलं होतं, बाई भांडेल, नाहीतर खाली बघेल. पण छबूबाईनं गव्हाणीचा दांडा धरला. पहिल्यांदाच तिनं अश्विनीच्या तोंडाकडं बघितलं.

"बोलती व्हय गं ती?" छबूबाई म्हणाली. "तुमच्यात बोलती?"

अश्विनीचा हात टाकावर गेला.

"मला तर दिसत बी न्हाई," छबूबाई म्हणाली. "गेल्यावर रोज सपनात यायची. च्या पेयाची, केस इचरून घ्यायची. ज्या दिवशी तुझ्या गळ्यात बांदली, त्या दिवसापून आली न्हाई. येकदा बी न्हाई. तुमी मान देता, पुरनपोळी देता, समदं करता. पर बांदून ठिवलीया तुमी तिला. मंग मी म्हनलं, ती न्हाई तर तिचं पोर तरी दारात खेळंल."

गाय रवंथ करत होती.

अश्विनी घाबरून राहिली होती ती आरतीला. ही बाई त्याच आरतीवाचून सुकून चालली होती. एकीच्या गळ्याला फास झालेलं दुसरीला बघायलाही मिळत नव्हतं.

ती घरात गेली, उशीच्या खोळीतून झबलं काढून घेऊन आली. मग दोन्ही हात मानेमागं नेले. दोरा जुना, गाठ बसलेली, नखांनी निघेना. शेवटी तिनं विळ्यानं कापला.

तेवढ्यात सासू परसदारात आली आणि तिथंच किंचाळली. "अगं भवाने! सातव्या महिन्यात टाक सोडती? पोटचं घालवायचंय का तुला?"

"न्यायचंच आसंल तर गळ्यात आसतानाबी न्हेलं आसतं तिनं, आत्या," अश्विनी म्हणाली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. लई वाटत होती. "तिला तिच्या आईकडं जाऊ द्या."

तिनं टाक त्या झबल्यात गुंडाळला आणि छबूबाईच्या ओंजळीत ठेवला. "तिच्या बाळाला कुनी शिवलं न्हवतं. ह्ये मी शिवलंय. आमच्या बाळाच्या वाट्याचंच हाय."

छबूबाईनं ते गाठोडं छातीशी धरलं आणि मटकन खाली बसली. रडली नाही. पोराला थोपटावं तसं थोपटत राहिली.

बऱ्याच वेळानं ती उठली. सासूनं भरून ठेवलेली कपड्यांची पिशवी ओढत ओम आला होता, करडं बघायला निघालेला. छबूबाईनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि अश्विनीपाशी ठेवली. "ह्ये ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. माझं मला मिळालं." दुपारच्या एसटीनं ती एकटीच गेली.

सासू भांडी आपटत राहिली. रविराजनं विचारलं, "आता माहेरी कशी जायची?" अश्विनी म्हणाली, "जाते ती ओमला घिऊन जाते. न्हाईतर हितंच बाळंत व्हते."

दिवेलागणीला ओमला झोप आली. त्यानं सवयीनं तिच्या गळ्याशी हात घातला आणि काही सापडलं नाही. दुसऱ्या हातानं चाचपलं. मग जो सूर लावला तो कशानं थांबेना. अश्विनीनं जवळ घेतलं तर त्यानं तिला ढकललं आणि दाराकडं तोंड करून बसला. तिनं हाक मारली नाही. जे असेल ते आज कळू दे, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

रडून रडून तो दमला. मग बसल्या जागेवरून म्हणाला, "ती आई कुटं गेली?"

"तिच्या आईकडं."

"तिला आई हाय?"

"हाय. आज्जी हाय न्हवं?"

त्यानं ते मनात फिरवलं. मग उठून आला, तिच्या कुशीत शिरला, हात गळ्यापर्यंत नेला, तिथून मागं घेतला आणि तिच्या कानाची पाळी धरून झोपला. अश्विनीची मान दुखायला लागली, पण तिनं ती हलवली नाही.

सकाळी धार काढून ती आत आली तोच मोबाईल वाजला. छबूबाई होती. आवाज तिचा वाटतच नव्हता, एखाद्या पोरीचा वाटत होता.

"आलती गं बाई! आलती रातच्याला. झबलं बघितलं तिनं. पाक उलटंपालटं करून बघितलं."

अश्विनीनं हातातली चरवी खाली ठेवली. "काय म्हनली?"

"म्हनली, माझा ओम कुनापशी हाय? मी म्हनलं, त्याच्या आईपशी हाय."

"मंग?"

"हासली. मला वाटलं, आता बसंल घटकाभर. तर उटली आन् पदर खोचला. म्हनली, येकदा बघून येते. निगाली चालत."

"कुनीकडं निगाली?"

"आता कुनीकडं?" छबूबाई म्हणाली. "तुमच्याकडंच की गं. तिला दुसरी वाट कुटं ठावं हाय?"

फोन ठेवून अश्विनी दारात उभी राहिली. ओम अंगणात मातीत बसून दोन दगडांना चहा पाजत होता. समोर रस्ता रिकामा होता. मिरजगावहून पायी यायचं म्हणजे लांबचा पल्ला, आणि उन्हं आत्ताच चढायला लागली होती. येणाराला तहान लागणार.

तिनं तांब्या भरून आणला आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवला, वर फुलपात्र झाकलं. मग अंगणात जाऊन ओमला कडेवर उचललं आणि घरात नेलं.