सहलीचं बोचकं

मालनबाईनं मुलूख काही कमी पाहिला नव्हता. कोल्हापूर झालं, सांगली झाली, पार बेळगावापर्यंत जाऊन आली होती. पण जिथं गेली तिथं ऊसतोडीलाच गेली, आणि ऊसच पाहिला. लोक कोल्हापूरचा रंकाळा सांगतात. हिला विचारलं तर ही उसाच्या फडातून गाडीपर्यंतची वाट सांगणार. म्हणून यंदा दसऱ्याआधी, कारखान्याला जायच्या आत, कुठंतरी नुसतं बसायला जाऊ, असं तिनं नवऱ्याजवळ बोलून दाखवलं. नुसतं बसायला. एवढीच हौस होती बाईची.

जालिंदर माणूस वाईट नव्हता. लगेच म्हणाला, "जाऊ की! कपिलधारला जाऊ. धबधब्याला लई पानी हाय सध्या. एक रात मुक्काम करू."

खर्चाचा विचारही त्यानंच केला. एसटीत बायांना निम्मं तिकीट. झोपायला तिथलं पत्र्याचं शेड, फुकट. हॉटेलात तर पाऊल टाकायचं नाही; पीठमीठ, तवा, पातेलं, गोधड्या सगळं घरूनच न्यायचं. "खर्च म्हनून न्हाईच काई," असं तो शिरूर कासारच्या स्टँडवर भेटेल त्याला छाती फुगवून सांगत होता. खर्च नव्हता हे खरं. पण कोंबडं आरवायच्या आधी उठून ते सगळं बांधलं कुणी, हे मात्र कुणी विचारलं नाही. गाडीत बसल्याबरोबर मालनबाईचे डोळे मिटायला लागले. कंबर तर घरातूनच ठणकत होती.

बीडला गाडी बदलून दोघं फाट्यावर उतरले. तिथून पुढं पायी. जालिंदरनं बोचकं उचलून तिच्या डोक्यावर दिलं, तिनं मान ताठ केली, आणि तो पुढं, ती मागं, अशी वरात निघाली. ना त्याला त्यात काही वावगं वाटलं, ना तिला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब धरतात. त्यानं ऊस तोडायचा, तिनं मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काय उगाच?

रस्त्याच्या कडेला एक बाई मक्याची कणसं भाजत बसली होती. या दोघांना बघून तिनं हाक दिली, "यंदा लवकर निगाले गं बाई! कुठल्या कारखान्याला?"

"कारखाना कशाचा?" जालिंदर खेकसला. "फिरायला आलोय आमी. धबधबा बघाया."

त्या बाईनं त्याच्या मोकळ्या हातांकडं पाहिलं, मग मालनबाईच्या डोक्याकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसली.

मालनबाई जागच्या जागी थांबली. तिला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग फार वाईट वाटलं. लेकीच्या लग्नातली ठेवणीतली साडी नेसली होती, केसाला तेल लावलं होतं. तरी वाटेवरच्या बाईला ती फडावर निघालेलीच दिसली.

"उतरवा हे," ती म्हणाली.

"दमली का? आलंच की आता."

"दमले तर हायच. पर त्याच्यासाठी न्हाई. आज म्या हे नेनार न्हाई."

"मग एवढं आनलं कावून?"

"तुमी सांगितलं म्हनून. आता तुमीच न्या."

जालिंदरनं बोचकं घेतलं डोक्यावर. ऊस तोडण्यात तो भल्याभल्यांना हार जाणारा नव्हता, पण ओझ्याखाली मान कशी धरायची हे त्याला कुठं माहीत? थोडं चालला नाही तोच बोचकं कललं, गाठ सुटली, आणि पातेलं खडखडत उतारावरून पळालं. त्याच्यामागं तो पळाला. कणीसवाली मोठ्यानं हसली. मालनबाई हसली नाही. तिचे हात आपसूक पुढं झाले होते. ते तिनं काखेत दाबून धरले.

धबधब्यापाशी पोचल्यावर ती पाण्यात पाय सोडून एका दगडावर बसली ती बसलीच. जालिंदरनं खालच्या अंगाला तीन दगड मांडले, ओल्या काटक्या पेटवता पेटवता डोळे लाल करून घेतले.

"मीठ किती टाकू गं?"

"टाका अंदाजानं."

पिठलं खारट झालं. भाकर एका अंगानं करपली, दुसऱ्या अंगानं कच्ची राहिली. तीच त्यानं तिच्या हातात आणून दिली. माय गेल्यापासून मालनबाईच्या हातावर आयती भाकर कुणी ठेवली नव्हती. तिला रडू आलं. ती रडली, आणि खातही राहिली. मग तिथंच कातळावर, भरदुपारी, येत्याजात्या माणसांसमोर आडवी झाली.

अर्धवट झोपेत तिला फोन वाजलेला ऐकू आला. उचल देऊन दरसाल टोळी कारखान्याला नेणाऱ्या सुंदरराव मुकादमाचा. त्याचा फोन आला की जालिंदर बसला असेल तर उभा राहायचा.

"कवा निगायचं ते मालनला इचारून सांगतो, मुकादम," तो हळू आवाजात बोलत होता. "ती झोपलीय."

"उठव की मग तिला!" मुकादमाचा आवाज कातळापर्यंत आला.

जालिंदर म्हणाला, "न्हाई. झोपू द्या तिला." आणि त्यानं फोन बंद केला.

दसरा झाला की मोळी आपल्याच डोक्यावर येणार, हे मालनबाईला पक्कं ठाऊक होतं. ती आता पूर्ण जागी झाली होती. पण डोळे तिनं उघडले नाहीत.