आमच्या गाडीचा पिवळा दिवा

आमच्या शाळेत नववीला 'ऑटोमोबाइल' हा विषय घेणाऱ्या मुली मोजून तीन, आणि त्यातली सगळ्यात जास्त बडबडी मी, संस्कृती. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'यस सर' म्हणतानासुद्धा माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. मग एक दिवस हा विषय शिकवणाऱ्या प्रभुलिंग सरांनी मला शाळेच्या शेडमधल्या जुन्या इंजिनाचे प्लग काढायला लावले. मी ते काढले, पुसले, परत बसवले आणि किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं! त्या दिवशी माझं तोंड जे सुटलंय, ते अजून बंद व्हायचं नाव घेत नाही, असं आईचं म्हणणं.

तर ही गोष्ट आईच्या गाडीची.

गाडी सेकंडहँड, पांढरी, सात सीटची. पप्पा चाकणला कंपनीत असतात, त्यामुळे चालवते आईच. तिला शिकवलं आजोबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी. आजोबांनी जन्मभर ट्रक चालवला. अख्ख्या शुक्रवार पेठेत 'कुंडलिक ड्रायव्हर' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा आमचं दार दाखवतं. आई भाड्याची गाडी चालवणार म्हटल्यावर गल्लीतले लोक जरा हसले होते. आजोबा ओट्यावरूनच ओरडले, "स्टेअरिंगला कुटं कळतंय, हातात बांगडी हाय का घड्याळ!" विषय संपला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून आईला पहिलंच कायमचं काम मिळालं होतं. सोलापूरहून रोज माढ्याला शाळेत शिकवायला जाणाऱ्या सहा मॅडम. त्यासाठी आईनं ब्लाउज शिवायचं दुकानातलं काम सोडलं. मॅडम लोकांच्या म्होरक्या रेश्मा मॅडम. त्या घरी येऊन, चहा पिऊन, स्पष्ट बोलून गेल्या. "ताई, एसी नसला तरी चालेल, गाणी नसली तरी चालतील. पण आमचा आधीचा गाडीवाला दोनदा रस्त्यात बंद पडला आणि आम्ही सगळ्या हेडमास्तरांसमोर चोरासारख्या उभ्या राहिलो. पहिल्या आठवड्यात असं काही झालं, तर आम्ही दुसरी गाडी बघणार. राग मानू नका."

आई म्हणाली, "न्हाय हो, राग कसला."

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा, पिवळाधमक.

"मामा, हे बघा की," आई आजोबांना म्हणाली. "सिग्नलला उभी केली की गाडी थरथरतीय पण."

आजोबांनी डोकं आत घालून दिव्याकडे असं बघितलं, जसं काही तो उधारी मागायला आलाय. "माझ्या ट्रकाला असला दिवाच नव्हता, म्हणून तर ट्रक सुखी हुता. गाडी म्हंजे लोखंड. लोखंडाला काय दुखतंय? चिकटपट्टी लाव त्याच्यावर."

"आजोबा, दिवा झाकला म्हणून दुखणं जातंय व्हय?" मी म्हटलं.

"आली बघा डॉक्टरीण!"

डॉक्टरीण तर डॉक्टरीण. शनिवारी मी प्रभुलिंग सरांच्या मागे लागून लागून शाळेचा स्कॅनर घरी आणला. काडेपेटीएवढं यंत्र असतं ते. स्टेअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात ते खुपसायचं, मोबाइलला जोडायचं, की गाडी आपली तक्रार आकड्यांत सांगते. सरांनी देताना बजावलं होतं, "आधी कोड वाच, मग त्याचा अर्थ वाच, मग विचार कर. पुसायचं बटण सगळ्यात शेवटी."

मी कोड वाचला. पी झिरो वन सेव्हन वन. अर्थाचं पान उघडायला लागले, तेवढ्यात खाली ते पुसायचं बटण दिसलं. गल्लीतली सात-आठ माणसं खिडकीला चिकटून उभी होती हो! दाबलं मी. दिवा गेला.

अशा टाळ्या पडल्या की विचारू नका. शेजारच्या बजाबाई मावशींनी तर तिथल्या तिथं माझी दृष्ट काढली. संध्याकाळी मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत होते, की आजकालच्या गाडीला पाना लागत नाही, डोकं लागतं.

रविवारी सकाळी आई, आजोबा आणि मी बाळे गावापर्यंत चक्कर मारून यायला निघालो. पुलाखालच्या सिग्नलला गाडी थांबली, आणि पोटात गुडगुड व्हावी तशी खालून हलायला लागली. आईनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. टुक्! पिवळा दिवा परत हजर.

"डोकं लागतं, न्हाय का?" आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मी मांडीवरचा स्कॅनर हळूच ओढणीखाली सरकवला.

घरी आलो, तर आईनं फोन करून बोलावलेला सिद्धनाथ मेकॅनिक दारात उभाच होता. आमच्याच पेठेतला, चांगला माणूस. त्यानं रेस दिली, कान लावला, मान हलवली. "वैनी, पेट्रोलचा पंप कमजोर झालाय बहुतेक. टाकी उतरवाय लागंल. आज रविवार, सामान मंगळवारी येतंय. बुधवारी संध्याकाळी गाडी देतो, त्याच्या आधी जमत न्हाय."

बुधवार. आणि माढ्याची खेप उद्या सकाळी.

आईनं फक्त पदराला हात पुसले, फोन घेतला आणि रेश्मा मॅडमचा नंबर शोधायला लागली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती शोधत होती, शांतपणे, जसं काही हे होणारच होतं आणि आपण उगीच हुरळून गेलो होतो.

"आई, थांब," मी म्हटलं. "एक तास दे मला. एकच. काल मी वाचलंच नव्हतं नीट."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग सिद्धनाथकाकांकडे. काका म्हणाले, "देऊ की. मी तवर च्या पितो."

मी स्कॅनर लावला आणि या वेळी अर्थ वाचला. 'मिश्रण पातळ.' म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जातेय. आमटीत पाणी जास्त झालं की कसं होतं, तसं. पण पाणी जास्त पडलंय, का डाळच कमी शिजायला टाकलीय, हे आमटीकडे बघून कळत नाही. मी सरांना फोन लावला. रविवारचे झोपलेले होते बिचारे.

"पुसलास ना कोड?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

"हो सर."

"बरं. आता स्क्रीनवर एक आकडा दिसेल. इंजिन स्वतःहून किती जादा पेट्रोल ओततंय, त्याचा. गाडी जागेवर नुसती चालू असताना बघ, मग आईला रेस द्यायला सांग आणि परत बघ. पंप थकला असेल तर रेस दिल्यावर आकडा चढेल, कारण तेव्हा पेट्रोल जास्त लागतं. पण कुठून चोरून हवा शिरत असेल, तर रेस दिल्यावर आकडा उतरेल."

"का उतरेल सर?"

"मोठा दरवाजा सताड उघडला की फटीतून येणारा वारा कुणाला जाणवतो?"

आई ड्रायव्हर सीटवर बसली. जागेवर आकडा सव्वीस. "दे रेस!" आईनं दिली. वीस. तेरा. आठ. पाच! मी गाडीतच उडी मारली आणि टपाला डोकं आपटलं.

"काका! पंप न्हाय! पंप चांगलाय! हवा शिरतीय कुठूनतरी!"

सिद्धनाथकाका चहाचा कप घेऊनच आले आणि आकडा दोनदा उतरताना बघितला. "च्यायला," ते म्हणाले, "मग टाकी कशाला उतरवायची? बॉनेट उघड, पोरी." आणि कप ओट्यावर ठेवून ते स्वतःच उजेडाला हातबॅटरी धरून उभे राहिले.

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी इस्त्रीच्या फवारणीच्या बाटलीत साबणाचं पाणी भरलं. चालू इंजिनावर, वायरी आणि पट्टा सोडून, एकेका नळीवर जरा जरा मारायचं. जिथं भोक असेल तिथं पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. पहिली नळी, काही नाही. दुसरी, काही नाही. मागच्या बाजूला, करंगळीएवढी एक रबरी नळी इंजिनावरून जात होती. तिच्यावर मारलं आणि इंजिनानं आवंढा गिळला.

"तीच! परत मार!" काका ओरडले. परत मारलं. परत आवंढा.

आईनं गाडी बंद केली. काकांनी बॅटरी जवळ नेली, मी मान वाकडी करून खालून बघितलं. नळीच्या टोकाजवळ, खालच्या अंगाला, तुरीएवढं भोक होतं. कातरल्यासारखं नाही, जळल्यासारखं, कडा वितळून काळी चकाकणारी. आणि तिथंच, नळी आणि लोखंडाच्या फटीत, एक बारीक बांबूची काडी खोवलेली. टोकाला जरा राख. बाजूला हळदीकुंकवाचं बोट.

उदबत्ती!

मी तोंड उघडलं होतं. अगदी उघडलं होतं, कारण गल्ली परत गोळा झाली होती आणि मला सांगायचंच होतं. पण काडी हातात घेऊन मागे वळले, तर समोर आजोबा. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, काडीवर होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे गाडीची पूजा होते. हार, नारळ, सगळं बाहेरून, ते सगळ्यांनी बघितलं होतं. पण पहाटे आई उठायच्या आधी आजोबांनी एकट्यानं एक आतली पूजा केली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मीच खोवली," आजोबा म्हणाले. इतक्या हळू, की गल्लीला ऐकू गेलं नसेल. "ट्रकात हितंच खोवायचो. दर खंडेनवमीला. सगळं लोखंडच हुतं तितं, काय जळणार? म्हटलं, सूनबाईचं पहिलं काम हाय, गाडीच्या काळजापाशी एक तरी..." ते थांबले. मग आईकडे वळून म्हणाले, "मीच घालवलं बघ तुझं काम."

आई सीटवरून उतरली. मला वाटलं आता ही काय बोलणार. ती म्हणाली, "मामा, एवढ्या पहाटे उठून केलं व्हय तुमी?" आणि मग तिला हसू फुटलं. सिद्धनाथकाकाही हसले. आजोबांना मात्र हसू येईना. ते मागे सरकायला लागले. "माझा हात लावू देऊ नगा आता गाडीला. माझं शिक्षान जुनं झालं."

"असं कसं?" मी म्हटलं. "आजोबा, भोक टोकालाच हाय. आज रविवार, नळी कुटं मिळणार? घाटात तुमच्या ट्रकाची नळी फुटली तर तुमी काय करत होता?"

आजोबांचे मागे सरकणारे पाय थांबले. "कापायचो," ते म्हणाले. "फुटकं टोक कापायचं आणि उरल्याली वढून बसवायची. लांबी पुरली तर."

"पुरंल की," काका बॅटरी आत मारत म्हणाले. "बरीच ढिली हाय."

"मग ब्लेड आणा!" मी ओरडले. "कुंडलिक ड्रायव्हरला ब्लेड द्या!"

गल्ली हसली, पण ब्लेड आलं. आजोबांनी नळीचं टोक काढलं, भोकाच्या वर एका फटक्यात सरळ कापलं, तोंडाला जराशी थुंकी लावून परत दाबून बसवलं आणि क्लिप आवळली. ओढून बघितली, नळी हलली नाही. मी स्कॅनर लावला. आईनं किल्ली फिरवली.

जागेवर आकडा तीन.

"तीन!" मी आजोबांच्या गळ्यातच पडले. "आजोबा, सव्वीस होता, तीन झाला!"

"म्हंजे बरं व्हय?" त्यांनी काकांना विचारलं. काका म्हणाले, "नव्या गाडीचाबी एवढाच असतोय."

मग, सगळ्यात शेवटी, मी पुसायचं बटण दाबलं. आईनं परत बाळ्यापर्यंत चक्कर मारली, आणि येताना मुद्दाम प्रत्येक सिग्नल लागावा म्हणून हळू आली. गाडी कुठंच थरथरली नाही. फोन तिनं पर्समध्ये ठेवून दिला होता.

सोमवारी शाळेत माझं कशात म्हणजे कशात लक्ष नव्हतं. भूगोलाच्या तासाला मी वहीभर माढ्याचा रस्ता काढला. मोहोळ, शेटफळ, सगळे फाटे. सरांनी स्कॅनर परत घेताना विचारलं, "काय होतं?" मी सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "पुढच्या तासाला हे तू वर्गाला शिकवायचं." मी लगेच हो म्हणाले. मागच्या वर्षीची मी असते तर ताप आला असता.

संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा मी आणि आजोबा ओट्यावरच होतो. शेवटच्या रेश्मा मॅडम राहिल्या होत्या, त्या आमच्या दाराशीच उतरल्या. पर्स खांद्याला अडकवत आईला म्हणाल्या, "ताई, आठवडा बघू म्हणाले होते ना मी? शेटफळच्या रेल्वे फाटकाला अर्धा तास चालू ठेवून उभी होती गाडी, कुरकुर नाही केली. आता बघायचं काही राहिलं नाही. सगळ्यांनी ठरवलंय, दर महिन्याचं पक्कं धरून चला."

आई नुसती मान हलवून "बरं" म्हणाली. मॅडम वळून गेल्या, कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या. मग आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "संस्के! चल, चक्कर मारून येऊ!"

मी पळतच पुढच्या दाराशी गेले. तिथं आजोबा आधीच बसले होते.

"मागं बस," ते म्हणाले. "आणि ते आकडं कसं बघायचं, वाटंत सांग मला."