हो आत्या, निंगलोच

फोन उचलला की ऋषिकेश आधी हसतो. इकडे तार तुटून पडलेली, इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा, आणि हा तिकडून दात काढतो. "हो आत्या, निंगलोच."

पोरगा माझ्या माहेरचा, इंझोरीचा. स्वस्तातल्या एका इंटरनेट कंपनीत लागला आणि किन्हीराजाला माझ्या घरी तार त्यानेच ओढली. माहेरचा म्हणून मी त्याला पुरणपोळी वाढली, तुपाची वाटी वेगळी. मी शाळा पाहिली दुसरीपर्यंत. मला इंटरनेट कशाला? ते घेतलं रंजीतासाठी.

रंजीता शेजारच्या रुपाबाईची सून. बारावी शिकलेली, बोलायला गोड. घरबसल्या नागपूरच्या एका दवाखान्याचे फोन घ्यायचं काम तिला मिळालं. आमच्याकडे मोबाईलला घरात रेंज नाही, गच्चीवर जेमतेम लागते, म्हणून ती माझ्या पुढच्या खोलीत बसायची. "नमस्कार, काय त्रास होतो तुम्हाला?" मी तूर निवडता निवडता ऐकायची.

रुपाबाईचं घर दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. मुकादमाला जोडी लागते, नवरा आणि बायको. मी रुपाबाईला शब्द दिला होता, "यंदा पोरीले नेऊ नको वं. ते इथंच कमवते. माह्यावर सोड."

दसऱ्याच्या सुमारास कुटाराची, म्हणजे भुशाची, उंच भरलेली ट्रॉली गेली आणि तार तोडून घेऊन गेली.

गच्चीवरून फोन लावला तर कंपनीच्या नंबरावर एक बाई थांबा म्हणते, मग गाणं लावते, मग पुन्हा थांबा म्हणते. मी तिला म्हटलं, बाई, तू तरी जेवली का? शेवटी ऋषिकेशचाच फोन आला. "आत्या, तुमच्या मोबाईलवर नंबर आला असन. तो सांगा, का मानूस निंगते."

मी एकेका आकड्यावर बोट ठेवून सांगितला. माणूस आला नाही. पुन्हा कंपनीला फोन लावला तर पोरगी म्हणाली, "तुमची तक्रार मिटली आहे. काम झाल्यावरच हा नंबर देतात ना." मी नवी तक्रार लिहून घ्यायला लावली.

"काहून बे?" मी ऋषिकेशला विचारलं.

"अवं आत्या, तक्रार उघडी दिसली का साहेब बोंबलते. उद्या येतो ना!" हसलाच.

रंजीता गच्चीवर जाऊन बसायला लागली. उन्हात, डोक्यावर पदर, मोबाईल वर धरून. मधेच आवाज तुटायचा, पलीकडून माणसं ओरडायची. एक दिवस ती दुपारीच खाली आली.

"माय, त्याईनं कामावर दुसरी पोरगी घेतली."

मुकादमाची गाडी आली. रुपाबाई माझ्या दारात उभी राहिली. "बाई, तुमी शब्द देल्ता." एवढंच. या गावात माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. त्या दिवशी मी त्यांच्या भांड्यांचं पोतं गाडीत चढवू लागले. रंजीता त्याच पोत्यावर बसली. तिच्या नवऱ्याने, करणने, पोत्यात गुंडाळलेले कोयते तिच्या मांडीवर दिले.

त्यानंतर ऋषिकेश उगवला. शिडी लावली, तार जोडली, हिरवा दिवा लागला.

"पाहा आत्या, मक्खन चालून राह्यलं! आता तो नंबर सांगा, का मी मोकळा."

मी त्याला पाणी दिलं. तो पिऊन होईपर्यंत थांबले.

"नंबर आला आहे. तो काही तुले भेटत नाही. रंजीता उसात गेली, ठाऊक आहे?"

"मंग आत्या, माह्या एकट्याच्या हातात थोडीच..."

"तुह्या हातात शिडी होती. ऐक आता. तुह्या 'येतो'वर मी एका पोरीचं वर्ष पणाला लावलं. ज्याच्या शब्दावर चहाचं आधनबी ठेवू नये, असा मानूस आहेस तू."