बाटलीतला बटाटा

एका स्वयंपाकघरात दोन बाळं जेवायला बसली, की तिसरा पाहुणा न बोलावता येतो. त्याचं नाव मत्सर!

थोरल्या जावेची लेक आणि धाकटीचा लेक मागेपुढेच जन्मलेले. आता दोघांनाही वरचं अन्न सुरू झालं होतं. थोरलीची लेक घोटलेल्या बटाट्याची वाटी चाटूनपुसून साफ करी, वर टेबल बडवी. लेकाचे मात्र दोन घास झाले, की ओठ मिटले, मान फिरली.

"हिला भरवताना कसं सुख वाटतं बाई!" सासूबाई नातीचे गाल कुरवाळत म्हणायच्या. "ह्याच्या अंगाला मेलं काही लागतच नाही."

धाकटीच्या जिवाची लाही लाही व्हायची. पुतणीच्या मांडीवरची गुबगुबीत वळीसुद्धा तिच्या डोळ्यांत खुपायची. लेकाचं वजन छान वाढतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं; पण डॉक्टर काही रोज सासूबाईंच्या शेजारी जेवायला बसत नव्हते!

त्या दुपारी तिने युक्ती काढली. बटाटा पाण्यात कालवून दुधाच्या बाटलीत भरला, निपलचं भोक कात्रीने मोठं केलं आणि बाटली आडव्या बाळाच्या तोंडाला लावली.

"पी रे राजा, आज दाखवूच त्यांना!"

बाळाने मान फिरवली. तिने हनुवटी धरून परत वळवली, तसं ते रडू लागलं. एक गुठळी घशात गेली आणि रडणं मध्येच तुटलं. खोकला नाही, आवाज नाही. ओठ निळे पडू लागले!

"ताई! ताई, धावा!"

थोरली धावत आली. बाळाला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळव्याने जोरात थापा मारल्या. गुठळी बाहेर पडली. बाळाने टाहो फोडला, आणि त्या टाहोइतकं गोड गाणं धाकटीने जन्मात ऐकलं नव्हतं.

"अगं, बाटलीत कशाला भरलंस?"

"तुमची वाटी रिकामी होते, ताई. माझी तशीच राहते. मला बघवत नाही हो!"

थोरली तिच्या शेजारी बसली. "आणि मला बघवतं होय? तुझा लेक पेला धरून घोट घोट पाणी पितो. माझी भवानी पेला भिंतीवर भिरकावते. काल मनात म्हटलं, सांडू दे एकदा ह्याचंही!"

डोळे पुसता पुसता दोघींना हसू फुटलं.

"काय वाढायचं, कधी वाढायचं, ते आपण बघावं," थोरली बाळाची पाठ चोळत म्हणाली. "किती खायचं, ते त्याचं पोट सांगेल. मान फिरवून तो म्हणत होता, 'आई, पुरे.' त्याला शब्द नाहीत, म्हणून तू ऐकलंच नाहीस गं."

संध्याकाळी लेकाने तीन घास खाल्ले आणि ओठ मिटले. धाकटीने चमचा खाली ठेवला.

"एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याचं पोट भरलं, आई."

आयाबायांनो, बाबालोकांनो, लेकराचा घास शेजारच्या वाटीशी तोलू नका. त्याचं पोट ही आपली शर्यत नव्हे!