लांब दांड्याचा ब्रश

"खाला, आत कोण आहे?"

गिझलानचा हा प्रश्न ठरलेला. मेकनेस शहरातल्या या हमामात, सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांचे कपडे सांभाळत मी तीस वर्षं दारात बसते आहे. "कुणी नाही" म्हटलं तरच ती आत जाते.

आज ती चार महिन्यांनी आली होती. पोस्टातल्या नोकरीतून रजा काढून अंथरुणाला खिळलेली. आईनंच ओढत दारापर्यंत आणून सोडली होती.

"चिटपाखरू नाही, जा."

ती गेली आणि मी जीभ चावली. तूरिया आत होती!

चौदाव्या वर्षी गिझलान, तूरिया आणि वर्गातल्या आणखी तिघी अशा पाच जणी दर गुरुवारी यायच्या. गोल करून बसायचं आणि पुढचीची पाठ घासायची. एका गुरुवारी तूरियानं फर्मान काढलं, गिझलानशी कुणी बोलायचं नाही. कारण? काही नाही, उगाच. गोल चौघींचा झाला आणि गिझलान भिंतीशी बसून आपल्याच पाठीला हात पुरवत राहिली. पुढच्या खेपेला ती लांब दांड्याचा ब्रश घेऊन आली, भर दुपारी, एकटी. तिची आई सांगत होती, डॉक्टरांनी परवा तिला विचारलं, हे उदासपण केव्हापासून? म्हणाली, "चौदाव्या वर्षापासून." मला त्या पोरींचा राग येतो, आणि माझाही. मी तेव्हा इथंच बसले होते.

बादलीचं निमित्त करून मी आत धावले. गिझलानमागे तूरिया उभी होती, हातात अंग घासायचा खरखरीत हातमोजा.

"दे पाठ इकडे," तूरिया म्हणाली.

"चोवीस वर्षांनी आठवण झाली होय?"

"आठवण रोजचीच होती गं. तोंड नव्हतं."

गिझलाननं ब्रश मुठीत गच्च धरला होता. वाटलं, आता ही उठून जाणार ती कायमची. मग तिनं ब्रश खाली ठेवला आणि पाठ वळवली. तूरिया भीत भीत घासू लागली.

"जोरानं घास की! नवरीला मेंदी लावतेयस का?"

तूरिया रडू लागली, मीही. बादली रिकामीच राहिली.

एका हातमोज्यानं चोवीस वर्षांचा मळ निघत नाही, एवढं मलाही कळतं. गोळ्या चालूच राहतील. पण मग गिझलान तूरियाची पाठ घासता घासता तिला यथेच्छ झापू लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

दोघी लालबुंद होऊन बाहेर आल्या, एकच संत्रं वाटून खाल्लं आणि निघाल्या.

"अगं, ब्रश राहिला!" मी ओरडले.

"राहू दे खाला," गल्लीच्या वळणावरून गिझलान म्हणाली. "पायऱ्या घासायला घे."

सकाळी घासल्या. दांडी मुठीच्या जागी पार झिजलेली होती.