लाल पेन्सिल आणि भिंतीतला खिळा

सूनबाईच्या टेबलावर तळहाताएवढा स्क्रीन होता. रुग्णाला थेंबथेंब औषध देणाऱ्या यंत्राचा. तीन वाजता काही डॉक्टर ते पाहायला घरी येणार होते आणि सकाळपासून तो चारदा गोठला होता. त्यांच्यासमोर गोठला, तर तिचं दीड वर्षाचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

मी चहा ठेवायला गेलो आणि रेंगाळलो. जन्म गेला छापखान्यात प्रुफं तपासण्यात. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही.

"एक विचारू? मूर्खपणाचं असेल."

"विचारा हो बाबा. शहाणपणाचं सगळं विचारून झालंय."

"तू सारखं लॉक लॉक म्हणतेस, ते काय?"

"इथे दोन थ्रेड आहेत, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं. एक चित्र काढतं, दुसरं औषधाचं माप लिहितं. दोघांनी एकदम स्क्रीनला हात घातला की विचका. म्हणून आधी लॉक घ्यायचं, काम झालं की सोडायचं."

"ही तर आमची लाल पेन्सिल! एकच होती. ती ज्याच्या हातात, त्यानेच प्रुफावर खूण करायची."

ती हसली, म्हणून मला धीर आला. तिने छापून काढलेली पानं मी चाळली. अर्थ लागेना, पण लॉक घेतलं, सोडलं, अशा जोड्या कंसांसारख्या दिसत होत्या. एका जागी जोडीच नव्हती.

"इथे राहिलंय बघ."

"ते माप बदलायच्या बटणाचं आहे. बटण दाबलं की यंत्र हातातलं काम तसंच टाकून आधी इथे..." ती थबकली. "अगं बाई! मी इथून लॉक न घेताच स्क्रीनवर लिहितेय! म्हणूनच तो गोठतो!"

"मग घाल की लॉक."

"नाही चालणार. लॉक चित्रवाल्याकडे असताना बटण दाबलं, तर बटण लॉकसाठी थांबणार आणि बटणाचं आटोपेपर्यंत चित्रवाला हलू शकत नाही. बसले दोघं एकमेकांची वाट बघत."

नको तिथे नाक खुपसलं, असं वाटून मी कप उचलला. दाराशी मला एक जुनी फजिती आठवली.

"लेखकांचे फोन यायचे," मी पुटपुटलो. "एकदा मी रिसीव्हर कानाला लावूनच प्रुफावर लिहिलं, सहकाऱ्याची पेन्सिल चालू असताना. 'स्मरणिका'ची 'मरणिका' छापली गेली."

"अरे देवा!"

"मग नियम झाला. फोन घेणाऱ्याने प्रुफाला हात लावायचा नाही. चिठ्ठी लिहून भिंतीतल्या खिळ्याला अडकवायची. पेन्सिलवाला हातातली ओळ संपवून तिकडे बघेल."

सूनबाई कीबोर्डकडे वळली. बटणाने आता फक्त एक खूण ठेवायची होती. चित्राचं काम आपल्या फेरीत, लॉक हातात असताना, ती खूण पाहून स्क्रीनवर लिहिणार होतं. खुणेचं नाव तिने 'खिळा' ठेवलं.

"दाबा बाबा."

"मी? बिघडलं तर?"

"तर तुमचं नाव सांगेन."

मी शंभरदा बटण दाबलं. आकडे धावत राहिले.

तीनला डॉक्टर आले. त्यांच्यातल्या एकीने बटण दाबलं, मग घाईघाईने पुन्हा पुन्हा. मी दाराआडून बघत होतो. माप बदलत होतं, चित्र हलत होतं, काहीच अडलं नाही.

"हे यंत्र आम्हाला कधीपासून देता येईल?" तिने विचारलं.

उत्तर देण्याआधी सूनबाईने माझ्याकडे पाहिलं आणि दोन बोटांनी हवेतच एक चिठ्ठी अडकवली.